निपाणी ते कोल्हापूर : चाळीस किलोमीटर आणि दोन दाखले

जून उजाडला की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाट्या एकेक करून उतरतात. मिरजकर तिकटीच्या आसपासच्या बोळांतून पुढे सॅकवाला पोरगा आणि मागे वडील, अशा जोड्या कॉट शोधत हिंडतात. काही राधानगरी-भुदरगडच्या, काही निपाणी, बेळगाव, खानापूरच्या. बोलण्यावरून फारसा फरक कळत नाही. कळतो तो गुणपत्रिकेवर : एकाची महाराष्ट्राची एसएससी, दुसऱ्याची कर्नाटकची एसएसएलसी.

ही सीमा कुठली?

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेलं. त्यावरच्या वादासाठी १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, त्याचा १९६७चा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र हक्क सांगतो ती गावं ८६५. राजकारण बाजूला ठेवलं तरी हा आकडा लक्षात ठेवा, प्रवेशाच्या वेळी आपलं गाव त्यात आहे का ते बघावं लागतं.

सीमेवरचं कॉलेज

देवचंद कॉलेज निपाणीला अगदी चिकटून आहे, पण अर्जुननगर हे गाव तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं, पिनकोड मात्र निपाणीचा, ५९१२३७. निपाणीची पोरं रोज राज्य बदलून तासाला बसतात आणि जेवायला कर्नाटकात परततात. सीमाप्रश्न समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

कोल्हापूरच का?

बेळगावात २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, त्याआधी या भागाला धारवाडच्या विद्यापीठाचा आधार होता. तरी मराठी माध्यमात शिकलेल्याला शिवाजी विद्यापीठ (स्थापना १८ नोव्हेंबर १९६२) आपलं वाटतं. शिवाय बाहेरगावच्या पोरांना ठेवून घेणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं जातीजातींची बोर्डिंगं उभी केली.

कागदांचं काय?

खरी सीमा इथं लागते. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या महाराष्ट्रातल्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा उमेदवार-प्रकार आहे. त्यासाठी दोन दाखले लागतात : सीमाभागातला असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे नमुने माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. कुणाच्या सहीशिक्क्याचा दाखला चालतो ते त्याच वर्षीच्या पुस्तिकेत वाचा, शेजारच्या दादानं दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका.

कर्नाटकच्या सीईटीचे गुण इथं चालत नाहीत, महाराष्ट्राची सीईटी द्यावीच लागते. तिच्यात बारावीला साधारण ८० आणि अकरावीला २० टक्के भारांश असतो, आणि प्रश्न महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवरचे. कर्नाटकातली पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं एनसीईआरटीच्या पुस्तकांवर वाढलेली. तेव्हा इथली पुस्तकं आधीच घेऊन ठेवावीत.

साध्या बीए, बीकॉमला एवढी धावपळ नाही. पण बोर्ड परराज्याचं, म्हणून मायग्रेशन आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र आलंच.

येणं-जाणं

एरवी निपाणीहून बसनं तासाभराचा रस्ता. सीमावाद पेटला की तोही अडतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं कर्नाटकात जाणाऱ्या एसटी थांबवल्या होत्या. परीक्षेच्या दिवसांत म्हणूनच इथं कॉट घेतलेली बरी.

आणि निकालाची वाट न बघता मे महिन्यातच दाखल्यांच्या मागे लागा. खोली जुलैतही मिळते.