घाटमाथ्यावरचा नाताळ : चार आठवडे वाट, बारा दिवस सण

लोणावळ्यात डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे ऐन हंगाम. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरून घाट चढतात, द्रुतगती मार्गावर खंडाळ्यापाशी रांगा लागतात, बाजारातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पायी चालणंही अवघड होतं. हॉटेलं भरलेली, चिक्कीच्या दुकानांत गर्दी, पवना धरणाच्या काठाला तंबूच तंबू. इथली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं याच हंगामावर पोट भरतात. कुणी हॉटेलच्या स्वयंपाकघरात असतं, कुणी टॅक्सीवर, कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात नर्स. इतरांना सुट्टी लागते तेव्हा यांना दुहेरी ड्युटी लागते आणि नेमका तेव्हाच घरचा सण येतो. केक, करंज्या, मुलांचे कपडे, दारावरचा तारा, कॅरल पार्टी, पाहुणे. चोवीस तारखेच्या संध्याकाळी आई दमून गेलेली असते, वडील कामावर असतात, मुलं रडवेली होतात, आणि ज्याचा जन्मदिवस त्या प्रभूचं नाव जेवणाच्या प्रार्थनेपलीकडे कुणी घेतलेलं नसतं.

अशा घरांत भक्ती कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. अडचण दिवसांच्या मांडणीत आहे. चर्चने हा सण जवळजवळ चाळीस दिवसांवर पसरून दिला आहे आणि आपण तो दीड दिवसात कोंबतो. ती जुनी मांडणी नीट समजून घेतली तर घरातला निम्मा गोंधळ आपोआप ओसरतो.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्याचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही पडतो, त्यामुळे हा काळ कमीत कमी 22 आणि जास्तीत जास्त 28 दिवसांचा असतो. हा वाट पाहण्याचा काळ आहे. वेदीवर जांभळं वस्त्र येतं. देवदूतांच्या स्तुतीने सुरू होणारं ‘ग्लोरिया’ हे गीत कॅथलिक मंडळी या चार रविवारी मिस्सेत गात नाहीत; नाताळच्या मिस्सेला ते पुन्हा ऐकू येतं. खुद्द उपासनेतच आनंद असा राखून ठेवलेला आहे. मग 25 डिसेंबरपासून सण सुरू होतो आणि तो बारा दिवस चालतो. 6 जानेवारीला मागी लोकांच्या भेटीचा, म्हणजे प्रकटीकरणाचा सण येतो. आपल्याकडे कॅथलिक चर्चमध्ये तो जवळच्या रविवारी पाळतात. 1886 मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतातल्या कॅथलिक मंडळ्या आणि 1970 मध्ये एकत्र आलेल्या उत्तर भारतीय चर्चच्या म्हणजे सीएनआयच्या मंडळ्या, दोघांच्याही पंचांगात हा क्रम आहे. काही स्वतंत्र मंडळ्या आगमनकाळ पाळत नाहीत. त्यांच्या घरांनाही पुढची वाचनाची रीत वापरायला काही हरकत नाही, कारण ती सगळी पवित्र शास्त्रातलीच आहे.

रीत अशी. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय 80 ओव्यांचा आहे. त्याचे आपसूक चार भाग पडतात आणि आठवडेही चारच आहेत. पहिल्या आठवड्यात जखऱ्याची हकीकत घ्यावी, ओवी 5 ते 25. देवदूताचं बोलणं खरं न वाटल्यामुळे त्या म्हाताऱ्या याजकाची वाचा जाते आणि मूल होईपर्यंत त्याला गप्प राहावं लागतं. बोलण्या-सांगण्याचा गलका असलेल्या महिन्याची सुरुवात एका मुक्या माणसापासून होते, हे मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात गब्रीएल मरीयेकडे येतो, 26 ते 38. तिसऱ्यात मरीया डोंगराळ प्रदेशातून अलीशिबेच्या घरी जाते आणि तिचं स्तोत्र येतं, 39 ते 56. घाटमाथ्यावरच्या पोरांना ही डोंगरातली वाट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चौथ्यात योहानाचा जन्म होतो आणि जखऱ्याचं तोंड उघडतं, 57 ते 80. चौथा आठवडा कधी कधी एका दिवसाचाच असतो, तेव्हा हा भाग तिसऱ्याला जोडून घ्यावा. दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओव्या मात्र चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत उघडायच्या नाहीत. मुलं आधी मागतील. थांबवावं.

एकच उतारा आठवडाभर वाचायचा का, असं कुणी विचारेल. हो, तोच वाचायचा. सोमवारी वडील वाचतील, मंगळवारी आजी, बुधवारी थोरली मुलगी. गुरुवारपर्यंत धाकट्यालाही गोष्ट पाठ होते आणि तो मध्येच पुढचं वाक्य सांगतो. रोज नवं काही शोधून आणायची घाई इथे नको.

प्रार्थनेला पंधरा मिनिटं पुरतात. रात्रीच्या जेवणाच्या आधीची वेळ बहुतेक घरांना जमते, कारण भूक लागलेली असली तरी माणसं एकत्र असतात. जेवणानंतर झोप येते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे. घरातल्या सगळ्यांत लहान मुलाने मोठ्यांच्या मदतीने मेणबत्ती लावायची. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, अशा चार. तिसरी मेणबत्ती गुलाबी ठेवण्याची प्रथा आहे, कारण तो रविवार आनंदाचा मानतात. मग एक गीत, उतारा, मिनिटभर शांतता, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. गीत मराठीच असावं, असा माझा आग्रह आहे. ‘उपासना संगीत’ बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत असतंच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाच्या वळणाने लिहिलेली गीतं टाळ-पेटीवर म्हणता येतात आणि ती आजीला तोंडपाठ असतात. इंग्रजी कॅरल मुलं शाळेत शिकतातच. घरात आजीने सुरुवात करावी आणि नातवंडांनी तिच्यामागून म्हणावं. घरातलं कुणी पाळीवर असेल तर त्याच्या वेळेला फोन लावावा, तेवढ्यापुरता फोन आत आला तरी चालेल.

गोठा करायला मावळासारखी जागा नाही. भाताची काढणी दिवाळीच्या आगेमागे उरकलेली असते, त्यामुळे कामशेत-वडगावकडे पेंढा हवा तेवढा मिळतो. 1223 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा उभा केला तेव्हा त्यानेही वाळलेलं गवत आणि खरी जनावरंच आणली होती. विकतचा चकचकीत गोठा आणण्यापेक्षा मुलांनी आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात पेंढा आणावा, दुसऱ्यात जनावरं ठेवावीत, तिसऱ्यात मेंढपाळ. गव्हाणी रिकामी राहू द्यावी. बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्री लूक 2 वाचून झाल्यावर ठेवायची. मागी लोक मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवावेत आणि नाताळनंतर रोज थोडे पुढे सरकवावेत. ते 6 जानेवारीला पोहोचतात. सण पंचवीसला संपत नाही हे यातून मुलांना न सांगता कळतं.

आता स्वयंपाकघर, कारण घरातली चिडचिड बहुधा तिथे सुरू होते. आपल्या नाताळच्या फराळात केकइतकाच करंजी, शंकरपाळे, चकली आणि अनारशांचा मान आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं, मग सुकवून, दळून गूळ मिसळलेलं पीठ आणखी चार-पाच दिवस मुरतं. म्हणजे अनारसे हवे असतील तर आठवडाभर आधी सुरुवात करावीच लागते. शंकरपाळे आणि चकल्या आठ-दहा दिवस सहज टिकतात, त्या 15 डिसेंबरच्या सुमारास करून ठेवाव्यात. फळं मुरवलेला केकही आधी होतो. करंज्या तेवढ्या शेवटी, सगळ्यांनी मिळून. पंचवीसच्या जेवणाला इंद्रायणीचा भात आणि एक रस्सा एवढं केलं तरी पंगत थाटाची होते. हे तांदळाचं वाण वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातलं आहे. पाच प्रकार करून उपासनेला उशिरा पोहोचणारी आई मला कुठल्याच घरात पाहायला नको आहे. करंज्या लाटणं ही घरातल्या पुरुषांची आणि मुलग्यांचीही जबाबदारी आहे, हे इथेच स्पष्ट लिहून ठेवतो.

शेजाऱ्यांनी दिवाळीत पाठवलेल्या ताटांची परतफेड नाताळात होते. ही आपल्याकडची फार चांगली रीत आहे, पण वीस ताटं एकाच दिवशी पोहोचवायची गरज नाही. बारा दिवस आहेत. कपडे, भेटवस्तू, फराळ आणि दान यांचे चार आकडे नोव्हेंबरच्या शेवटी कागदावर लिहावेत आणि त्यांत दानाचा आकडा सर्वांत आधी. पैशावरून होणारी कुजबुज मुलांना ऐकू जाते.

कामाच्या पाळीचं बोलणं डिसेंबरमध्ये काढून उपयोग नसतो. तेव्हा मालकाला माणसं कमीच पडतात. दिवाळीत सहकाऱ्यांची पाळी आपण करावी आणि त्याच वेळी नाताळातली आपली पाळी त्यांनी करावी, असं ठरवून घ्यावं. तरीही चोवीसची रात्र सुटली नाही तर कॅथलिक माणसाला पंचवीसच्या सकाळची मिस्सा आहे. पंचवीसला दिवसभर काम असेल तर चोवीसच्या संध्याकाळची मिस्साही सणाची म्हणूनच धरली जाते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पंचवीसच्या सकाळची उपासना मुख्य असते. तीही चुकली तर बाराव्या दिवसापर्यंत कुठल्याही संध्याकाळी घरी मेणबत्ती लावून लूक 2 वाचावं. सण उशिरा झाला, बुडाला नाही.

तरुण संघाच्या कॅरल पार्टीला आपल्या घरची वेळ आधी कळवावी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. वर्षातल्या मोजक्या दिवशीच सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. ढोलकी आणि गिटारला ध्वनिक्षेपक लागतच नाही, आणि लहान मुलं दहापर्यंत झोपलेली बरी.

खडकी, दापोडी, देहूरोडच्या नातेवाइकांकडे जाणं 26 ते 30 डिसेंबरच्या दरम्यान ठेवावं आणि लोकलने जावं. 1978 पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल घाटातल्या कोंडीत अडकत नाही. एका दिवशी एकच घर गाठावं. एकतीसच्या रात्रीची वर्षअखेरची उपासना मात्र आपल्याच मंडळीत, पायी जाता येईल अशी.

ज्या घरात या वर्षी कुणी गेलं आहे, तिथे यातलं काहीही जमलं नाही तरी चालेल. तारा लावावा की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावं. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळाला मंदिरात आणल्यावर हन्ना भेटते. चौऱ्याऐंशी वर्षांची ती विधवा, लग्नानंतर सातच वर्षांत नवरा गेलेला. नाताळनंतरच्या एखाद्या शांत दुपारी त्या घरी जाऊन 22 ते 38 या ओव्या वाचाव्यात, चहा घ्यावा आणि थोडा वेळ नुसतं बसावं.

2026 मध्ये 25 डिसेंबर शुक्रवारी येतो. सलग तीन दिवस सुट्टी, म्हणजे घाटात गर्दीही तेवढीच. आगमनकाळाचा पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन त्याच्या तीन आठवडे आधी, 8 नोव्हेंबरला. पाळीचं बोलणं त्याआधीच उरकून घ्या.