डोळ्याला न कळणारी काटछाट

फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. बँकांच्या नोकरभरतीचा अर्ज ज्या घरात कुणी भरला असेल, त्या घराला ही ओळ पाठ असते. मोबाइलवर काढलेला फोटो निघतो ३-४ एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या साठ ते ऐंशी पट. मुलगा सायबर कॅफेत धावतो. तिथला पोरगा दोन बटणं दाबतो, वीस रुपये घेतो आणि ४० केबीचा फोटो हातात ठेवतो. आई निरखून बघते. चेहरा तोच, शर्टाचा रंग तोच, कपाळावरची बटही जागच्या जागी. मग बाकीचं गेलं कुठं? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मला तो पडला, कारण जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला तूट दिसली की ती कुठल्या खात्यात गेली हे कळल्याशिवाय झोप येत नाही.

प्रश्न पडायला निमित्तही घडलं. माझी एक भाची पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. गेल्या वर्षी तिच्याकडे एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचं काम आलं. चाळीसेक वर्षांची नमुना सह्यांची कार्डं, खाती उघडण्याचे अर्ज, जुनी लेजरं. सगळं स्कॅन करायचं आणि जागा कमी लागावी म्हणून प्रत्येक चित्र लहान करायचं, मात्र दिसण्यात फरक पडता कामा नये. संचालकांच्या ठरावात पुढची ओळ अशी होती की, काम पुरं झाल्यावर कागद रद्दीत काढावेत. भाची म्हणाली, ‘‘मामा, फरक दिसतो की नाही ते तुम्ही सांगा. सह्या जुळवण्यात तुमचं आयुष्य गेलंय.’’ मी म्हटलं, सांगतो. पण आधी ही कात्री चालते कशी ते मला समजाव.

हिशेब सोपा आहे. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे ४००० गुणिले ३००० असे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे झाले ३६ एमबी. फोनमधली फाइल मात्र ३-४ एमबीचीच असते. कॅफेतल्या पोरानं हात लावण्याआधी फोननंच ती नवव्या-दहाव्या हिश्श्यावर आणलेली असते. ही करामत ‘जेपेग’ची. ते मुळात तज्ज्ञांच्या एका समितीचं नाव. तिनं ठरवलेली पद्धत १९९२ साली जागतिक प्रमाण झाली.

या पद्धतीची पहिली चलाखी माणसाच्या डोळ्यावरच उभी आहे. उजेड-अंधारातला फरक डोळ्याला बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून चित्रातला उजेड वेगळा काढतात, रंग वेगळा. उजेडाचा आकडा प्रत्येक ठिपक्यापाशी ठेवतात. रंगाचे दोन आकडे चार ठिपक्यांत मिळून एकदाच. चार ठिपक्यांचे बारा आकडे होते, त्यांचे सहा उरले. निम्मा माल गेला, आणि आई म्हणते शर्टाचा रंग तोच!

दुसरी चलाखी अधिक खोल आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे न लिहिता वेगळ्या रीतीनं मांडतात. पहिला आकडा सांगतो चौकोनाची सरासरी. पुढचे सांगतात त्यात सावकाश होणारे बदल. शेवटचे सांगतात अगदी भरभर होणारे बदल, जसं साडीच्या काठाची वीण किंवा केसांतलं बारीक पांढरं. मग येते खरी कात्री. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या संख्येनं भागायचं आणि उत्तर पूर्णांकात आणायचं. प्रमाणासोबतच्या नमुना कोष्टकात सरासरीच्या आकड्याला भाजक आहे १६, टोकाच्या बारीक बदलाला ९९. आम्ही व्याजाच्या पन्नास पैशांखालची रक्कम सोडत असू, त्यातलाच हा प्रकार. इथे टोकाचा आकडा ४९ असला तरी शून्य होतो. चौसष्टांतले पुष्कळ आकडे असे शून्य होतात, आणि ओळीनं आलेली शून्यं ‘इतकी शून्यं’ असं एकदाच लिहून भागतं.

ही मांडणी ज्यांना सुचली ते नासिर अहमद मूळचे बंगळूरचे, जन्म १९४० चा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी १९७२ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या कल्पनेसाठी अनुदान मागितलं. मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकाला कल्पना फारच सोपी वाटली, असं अहमद यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांनी काम सोडलं नाही. नटराजन आणि राव या दोघांसह त्यांचा लेख जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज घराघरांतल्या मोबाइलमध्ये साठलेली लग्नं, मुंजी, बारशी त्या ‘फारच सोप्या’ कल्पनेवर उभी आहेत. कर्जाचे प्रस्ताव नामंजूर करण्यात मीही बरीच वर्षं घालवली असल्यामुळे त्या परीक्षकाचा चेहरा मला उगाचच ओळखीचा वाटतो.

भाचीचा प्रोग्रॅम बघून मात्र माझी निराशा झाली. एवढ्या विद्येचा प्रोग्रॅम म्हणजे वहीभर मजकूर असेल असं वाटलं होतं. ‘पायथॉन’ भाषेत ‘पिलो’ नावाचं तयार साधन घेऊन तिनं जेमतेम सहा ओळी लिहिल्या होत्या. चित्र उघड, सरळ उभं कर, रुंदी १६०० ठिपक्यांवर आण, चिकटलेली माहिती टाकून दे, गुणवत्ता ७५ ठेवून साठव. रुंदी ४००० ची १६०० केली की ठिपके उरतात १९ लाख २० हजार, म्हणजे सहावा हिस्सा. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. चिकटलेली माहिती म्हणजे फोटो कधी, कोणत्या कॅमेऱ्यानं आणि कित्येकदा नेमका कुठं काढला याची नोंद. मुलांचे फोटो बाहेर पाठवताना ती गेलेलीच बरी. पण फोटो उभा की आडवा हेही त्याच नोंदीत असतं. म्हणून आधी तो सरळ करून घ्यायचा, नाहीतर आजोबा आडवे होतात.

गुणवत्ता ७५ म्हणजे ७५ टक्के चित्र शिल्लक, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. मघाच्या कोष्टकातले भाजक निम्मे केले एवढाच तिचा अर्थ. ९५ च्या वर गेलं की फाइल फुगते आणि डोळ्याला काही मिळत नाही. आणखी एक गोष्ट तिनं बजावली. चित्र उघडून त्यात काही बदल करून पुन्हा साठवलं की कात्री पुन्हा चालते. म्हणून लहान प्रत दर वेळी मूळ फोटोवरूनच काढावी, लहान प्रतीवरून आणखी लहान काढू नये.

मग मी तपासायला बसलो. खातेदारांचे फोटो उत्तम. सह्याही बऱ्या होत्या. शाईच्या कडेला किंचित धूसर वलय दिसत होतं, पण सही ओळखू येत होती. अडलं ते अंगठ्यांपाशी. पतसंस्थेच्या जुन्या खातेदारांत शेतमजूर बायका पुष्कळ, आणि त्यांच्या कार्डांवर सही नाही, डाव्या हाताचा अंगठा. अंगठा म्हणजे बारीक बारीक रेघा, अर्थात भरभर होणारा बदल. नेमक्या त्याच आकड्यांना ही पद्धत सर्वांत मोठ्या संख्येनं भागते. पडद्यावर अंगठा अंगठ्यासारखाच दिसत होता. भिंग लावून मूळ कार्डाशी ताडून बघितलं, तर दोन रेघा जिथं मिळतात त्या जागा मिटलेल्या. आणि ओळख पटवायची ती याच जागांवरून. अमेरिकेच्या एफबीआयला ठशांसाठी जेपेग चाललं नाही, त्यांनी १९९३ साली वेगळी पद्धत प्रमाण केली, ती याच कारणानं. सही करणाऱ्याचा पुरावा शाबूत आणि अंगठेवालीचा पुसट, असा हा व्यवहार झाला असता.

आकड्यांचा धोका वेगळाच. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. मूळ नकाशात तीन खोल्यांचं क्षेत्रफळ वेगवेगळं, प्रतीत तिन्हींवर १४.१३! यंत्रातली जागा वाचवणारी पद्धत सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरत होती, आणि त्यात ६ चा ८ होत होता. ही पद्धत जेपेगहून निराळी. जेपेगमध्ये बिघडलेला आकडा निदान धूसर दिसतो. इथे चुकीचा आकडाही स्वच्छ, ठसठशीत. कंपनीला नंतर दुरुस्ती काढावी लागली. लेजरच्या पानावर असं झालं तर कुठला हिशेब तपासनीस पकडणार?

आपल्याकडे चेकच्या बाबतीत हा विचार झालेला आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीपासून सुरू झालेली आणि एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत आलेली चेक ट्रंकेशनची पद्धत अशी की, कागद जिथं भरला तिथंच थांबतो, प्रवास करतं ते त्याचं चित्र. तेही एक नाही, तीन: दर्शनी बाजूची करड्या छटांतली एक, काळीपांढरी एक, आणि पाठीमागची एक. शिवाय मूळ चेक दहा वर्षं जपून ठेवायचा.

मी संचालकांना हेच लिहून दिलं. सभा चांगली तापली. एक संचालक म्हणाले, कपाटं अडून राहतात, जागेचं भाडं कोण देणार? रास्त होतं. शेवटी ठरलं ते असं: फोटो ७५ वर लहान करायचे, सह्या, अंगठे आणि लेजरची पानं काहीही न टाकणाऱ्या ‘पीएनजी’ पद्धतीनं साठवायची, फायली मोठ्या झाल्या तरी चालतील. अर्ज रद्दीत गेले. अंगठ्यांची कार्डं दोन लोखंडी पेट्यांत भरून व्यवस्थापकांच्या खोलीत ठेवली आहेत, आणि पेट्यांची किल्ली कुणाकडे राहील यावर पुढच्या सभेत चर्चा आहे.