लेसरचे ‘पाणी’ : झिजणाऱ्या पार्टला दुप्पट आयुष्य मिळेल का?

कोयता, छिन्नी, पटाशी यांना पाणी देण्याचे काम लोहाराच्या भट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. धार लाल करायची, पाण्यात बुडवायची, की ती कडक होते. त्याच हुन्नराचे आजचे रूप म्हणजे लेसर हार्डनिंग. यात भट्टी नाही आणि नवल म्हणजे पाणीही नाही. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव ते कागलपर्यंत लेथ, मोल्डिंग आणि फिटिंगवर आपल्या अनेक कारागिरांचे पोट आहे. त्यांनी आणि त्यांचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, यासाठी हा लेख.

झीज होते ती फक्त वरच्या थराची

प्रस्तुत लेखक कापडाच्या धंद्यातला. म्हणून उदाहरण मागाचेच घेऊ. साधा यंत्रमाग मिनिटाला १५० पिकांनी चालतो असे धरले, तर धोटा फेकणारे एका बाजूचे पिकिंग नोज मिनिटाला ७५ वेळा ठोका देते. आठ तासांच्या पाळीत हे ठोके ३६ हजार होतात. नोज झिजले की धोटा वेळेवर पोहोचत नाही, मध्येच अडकतो, ताण्याचे धागे तुटतात आणि कापडाला डाग लागतो. झिजलेले लोखंड काही ग्रॅमचे असते, पण नुकसान थानाच्या थानाचे होते.

मग सगळा पार्टच कडक का करू नये? कारण सगळा कडक झालेला पार्ट ठोका सोसत नाही, तडकतो. म्हणून वरून कडक आणि आतून चिवट, असा पार्ट हवा. केस हार्डनिंग आणि इंडक्शन हार्डनिंग याच हेतूने करतात. केस हार्डनिंगमध्ये सबंध पार्ट ९०० अंशांच्या आसपास तासन्‌तास तापतो, वाकडा होतो आणि पुन्हा ग्राइंडिंगचा खर्च लागतो. इंडक्शनला प्रत्येक आकारासाठी वेगळी कॉइल लागते. एकाच मापाचे हजारो नग असतील तर ते परवडते, दहा-वीस नगांना परवडत नाही.

लेसर काय करतो?

लेसरचा झोत काही मिलिमीटर रुंदीच्या जागेवर पडतो आणि पुढे सरकत जातो. तेवढीच जागा क्षणात ९०० अंशांच्या वर तापते, पण वितळू देत नाहीत. झोत पुढे सरकला की आतले थंड लोखंड ती उष्णता ओढून घेते आणि वरचा थर आपोआप विझतो. लोहार पाण्यात बुडवून जे साधतो, ते इथे पार्टचे स्वतःचे अंगच करते. कडक थर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर खोल मिळतो. बाकीचा पार्ट फारसा तापतच नाही, म्हणून वाकही फार कमी येतो.

या विद्येत महाराष्ट्राच्या मातीचाही वाटा आहे. पहिला लेसर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी बनवला. पण कारखान्यात जड काम करू शकणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. ते बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. पुढे १९७० च्या दशकात जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ येथील कारखान्याने पॉवर स्टिअरिंगच्या हाउसिंगमध्ये लेसरने कडक पट्ट्या मारल्या. ते हाउसिंग मॅलिएबल कास्टिंगचे होते. सबंध कास्टिंग कडक न करता, जिथे घासते तिथेच पट्ट्या. कास्टिंगवर जगणाऱ्या कोल्हापूरकरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कोणत्या धातूला लागू पडतो?

यात कार्बन हीच मुख्य बाब. सुमारे ०.३ टक्क्यांहून जास्त कार्बनचे पोलाद हवे. ईएन ८, ईएन ९, ईएन २४ यांना लेसर चांगला लागतो. ईएन ८ ला ५५ रॉकवेलच्या आसपास कडकपणा मिळू शकतो. साध्या माइल्ड स्टीलवर पैसे घालवू नयेत. त्यात कडक होण्याजोगा कार्बनच नसतो. ग्रे आणि एसजी कास्टिंग दोन्ही चालतात, मात्र त्यात पर्लाइट भरपूर हवा. कास्टिंग पोलादापेक्षा कमी उष्णतेत वितळते, म्हणून कडा आणि कोपरे जळू नयेत याची काळजी घ्यावी लागते.

पार्ट आधीच झिजला असेल तर दुसरा उपाय क्लॅडिंगचा. यात निकेल, कोबाल्ट किंवा टंगस्टन कार्बाइडची पूड लेसरने वितळवून झिजलेल्या जागी थर चढवतात आणि मग ग्राइंडिंग करून माप आणतात. वेल्डिंगच्या भरावापेक्षा यात उष्णता कमी शिरते आणि मूळ धातूची भेसळही कमी होते. महागड्या शाफ्टला हे शोभते. साखर कारखान्यात मात्र उसाला पकड मिळावी म्हणून रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे आर्किंग करतात. तिथे खरबरीतपणाच हवा असतो. लेसरची नजाकत तिथे वाया जाईल.

हिशेब असा मांडावा

समजा, एक पार्ट ६०० रुपयांना पडतो आणि वर्षभर टिकतो. लेसरसाठी वाहतुकीसह ३०० रुपये लागले, तर खर्च दीडपट झाला. म्हणजे तो पार्ट दीड वर्षाहून जास्त टिकला तरच फायदा. दोन वर्षे टिकला तर वर्षाचा खर्च ६०० वरून ४५० वर येतो. शिवाय मशीन बंद राहण्याचे नुकसान वाचते ते वेगळे. पण पार्ट झिजण्याऐवजी तुटत असेल, तर दोष डिझाइनचा किंवा मटेरियलचा आहे; त्यावर लेसर हे औषध नव्हे. गिऱ्हाइकाला दुप्पट आयुष्याचा शब्द देण्याआधी दोन-चार पार्ट प्रत्यक्ष चालवून पाहावेत.

काम देताना चार गोष्टी

एक, पार्ट आधी फिनिश मापावर आणावा, मग हार्डनिंगला द्यावा. नंतर जास्त ग्राइंडिंग केले तर पैसे देऊन घेतलेला थरच निघून जातो.

दोन, एक पट्टी दुसरीवर चढते तिथे आणि गोल शाफ्टवर फेरा जिथे पुरा होतो तिथे, पहिला थर पुन्हा तापून थोडा नरम पडतो. ही जागा जिथे जोर येत नाही तिथे ठेवायला आधीच सांगावे.

तीन, कडकपणा आणि खोली दोन्ही आकड्यांत लिहून घ्यावेत. एक नमुना कापून थर तपासावा.

चार, मटेरियलचे सर्टिफिकेट सोबत द्यावे. ईएन ८ सांगून माइल्ड स्टील पाठवले, तर दोष लेसरवाल्याचा नसेल.

मशीन घेण्याची घाई कोणी करू नये. आधी जॉबवर्क करून अनुभव घ्यावा. हैदराबादचे एआरसीआय आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र या सरकारी संस्थांनी या विषयावर काम केले आहे. त्यांच्याकडे विचारणा करता येते. पाच-सहा वर्कशॉपवाल्यांनी मिळून नमुने पाठवले तर वाहतूक वाटून जाते. मागणी वाढली तर कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक किंवा गोशिमा यांच्यापुढे सामाईक केंद्राचा विषय मांडता येईल. केंद्र सरकारच्या लघुउद्योग समूह विकास योजनेत अशा सामाईक सुविधेची तरतूद आहे.

आज आपले बरेच कास्टिंग किलोच्या भावाने जाते. किलोच्या भावात कारागिराच्या हाताची किंमत धरली जात नाही; लोखंड महागले की नफा गेला. पण तेच कास्टिंग मापावर फिनिश करून, घासणाऱ्या जागी कडक करून, तपासणीच्या कागदासह दिले, तर ते नगाच्या भावाने विकता येते. किलोवाला भाव गिऱ्हाईक ठरवते. नगाचा भाव सांगण्याची हिंमत कारागिराला येते, कारण पार्ट किती टिकेल याचा कागद त्याच्या हातात असतो.