पायाखाली काहीच नाही!

तारकर्लीला स्कूबा करून आलेली मंडळी आता प्रत्येक ऑफिसात सापडतात. इन्स्ट्रक्टर मागून धरतो, खाली तळ दिसत असतो, व्हिडिओ निघतो, विषय संपला. भूमध्य समुद्रातलं 'वॉल डायव्हिंग' मात्र वेगळंच प्रकरण आहे बॉस. इथे पायाखाली तळच नसतो!

मी गेले होते गोझोला. हे माल्टाचं धाकटं भावंड, मोठ्या बेटावरून फेरीने जेमतेम अर्धा तास. पश्चिम किनाऱ्यावर द्वेज्रा इथे 'ब्लू होल' आहे. चुनखडीच्या खडकातलं, साधारण १० मीटर रुंद नैसर्गिक कुंड. पाठीवर सिलेंडर घेऊन खडबडीत दगडांवरून तिथवर चालत जायचं. (त्या दिवशी जिमला सुट्टी!) कुंडात उतरायचं, पाण्याखालच्या कमानीतून बाहेर पडायचं आणि... एका हाताला खडकाची उभी भिंत, दुसऱ्या हाताला नुसतं निळं.

पाणी इतकं नितळ, की चांगल्या दिवशी ३० मीटरपर्यंतचं आरपार दिसतं. गोम तिथेच आहे. आपण किती खोल आलोय, ते डोळ्यांना कळतच नाही. थोडं खाली सरकलात की दाबाने वेटसूट चेपतो, तरंगण्याची ताकद कमी होते, म्हणून तुम्ही आणखी खाली जाता. अडवायला तळ नाही. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, हवाही चौपट वेगाने संपते. वर नायट्रोजनची झिंग! त्यामुळे मासे बघा, पण मनगटावरचा कॉम्प्युटर सतत बघा. साध्या ओपन वॉटर सर्टिफिकेटवर १८ मीटर, ॲडव्हान्स्डवर ३०. त्याखाली कितीही सुंदर दिसलं तरी नाही म्हणजे नाही.

आणि तसंही, जिथे आहात तिथेच भरपूर आहे. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो, त्यामुळे भिंत करडी, कंटाळवाणी वाटते. टॉर्च मारा, तीच भिंत केशरी प्रवाळांनी आणि स्पंजांनी पेटून उठते. कपारीतून मोरे ईल तोंड काढतो, एखादा ऑक्टोपस रंग बदलून गुल होतो.

शेजारीच 'अझूर विंडो'चे अवशेष. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये झळकलेली ही दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. वर आता फक्त आकाश, पण खाली घरांएवढे कातळ पडलेत आणि त्यांच्यामधून पोहता येतं.

जायचं तर जून ते ऑक्टोबर. आणि शेवटच्या दिवशी डाइव्ह नको, विमानात बसण्याआधी किमान १८ तास कोरडे ठेवा. तेवढ्यात चीज भरलेल्या गरमागरम पास्तित्सी हाणा, तिथला वडापावच तो!