बंपर पांढरा पडलाय? तेल फासण्याआधी ओलं फडकं फिरवून बघा

कर्जत/खालापूर : इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नाही, टायरही बरे. पण बंपर राखाडी, आरशांची कव्हरं पांढरट आणि दारांवरच्या काळ्या पट्ट्यांची रया गेलेली. अशी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक लांबूनच म्हणतं, "गाडी फारच थकलेली दिसते." भाव तिथेच पडतो. मग कुणी सांगतं डिझेल लाव, कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल, तर कुणी घरातलं खोबरेल. दोन दिवस गाडी चकाचक दिसते. तिसऱ्या दिवशी त्यावर धुळीचा थर बसतो आणि पहिल्या पावसात सगळं वाहून जातं.

हा काळेपणा परत आणता येतो. खर्चही बहुतेक वेळा नव्या बंपरपेक्षा खूपच कमी येतो. मात्र प्लास्टिकला नेमकं काय झालंय, ते आधी समजून घ्यायला हवं.

काळा रंग उडालेला नसतो

मारुती ८००, ओम्नी, बोलेरो, सुमो, जुनी वॅगन आर अशा गाड्यांच्या बऱ्याच मॉडेलना रंग न दिलेलं काळं प्लास्टिक असतं. यातल्या मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचं २०१९ मध्ये बंद झालं. म्हणजे रस्त्यावर आज दिसणाऱ्या या गाड्यांनी कितीतरी उन्हाळे काढलेत. त्यातून नेरळ-माथेरान घाटात धावणारी गाडी असो की चौक, खोपोली, कशेळेच्या बाजारात दिवसभर उभी असणारी, डोक्यावर सावली क्वचितच मिळते.

बंपर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असतो. बंपरच्या आतल्या बाजूला 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली अनेकदा सापडतात. प्लास्टिक काळं दिसावं म्हणून त्यात काजळीसारखी बारीक पूड मिसळलेली असते. ही पूड उन्हाने विटत नाही. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकचा फक्त वरचा पातळ थर मोडतात. त्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा जातात, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि उजेड त्यावर पडून विखुरतो. म्हणून प्लास्टिक राखाडी दिसतं. खालचा काळा रंग जागेवरच असतो.

ओल्या फडक्याची परीक्षा

पैसे खर्च करण्याआधी एक साधी परीक्षा करावी. बंपर धुऊन कोरडा करावा आणि त्याच्या एका कोपऱ्यावर ओलं फडकं फिरवावं.

ओला भाग लगेच गडद काळा झाला, तर काम सोपं आहे. पाण्याने चिरा भरल्या, म्हणून रंग दिसला. पाणी वाळलं की तो भाग पुन्हा राखाडी होईल. पाण्याऐवजी तिथे टिकणारं काहीतरी बसवणं, एवढंच काम उरतं.

ओला करूनही भाग पांढराच राहिला, बोट घासल्यावर पूड निघाली किंवा प्लास्टिक दाबल्यावर कडकड वाजून तडकलं, तर तो भाग संपला समजावं. तिथे रंगकाम करावं लागेल किंवा भाग बदलावा लागेल.

हे लावू नये

डिझेल, रॉकेल आणि ऑइल : यांनी चिरा भरतात म्हणून काळेपणा दिसतो, पण तो टिकत नाही. शिवाय ओघळ दारांच्या चौकटीच्या रबरावर गेला, तर नुकसान मोठं. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं, सैल होतं. मग पावसाळ्यात पाणी आत येतं, मॅटखाली साचतं आणि तळाचा पत्रा सडतो. जळकं ऑइल तर हातांच्या कातडीलाही घातक आहे.

थिनर आणि पेट्रोल : आरशांची कव्हरं, जाळी, हँडल अनेकदा वेगळ्या प्लास्टिकची असतात. थिनरने ती विरघळून चिकट होऊ शकतात.

हीट गन : मोबाइलवरच्या व्हिडिओत गरम हवेने बंपर क्षणात काळा होताना दिसतो. हीट गनची हवा ५०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. हात जरा थांबला की बंपरला पोक आलाच. शेजारचा रंगही फुगतो. शिवाय हा काळेपणा कायमचा नसतो.

तारेची घासणी आणि पॉलिश पेपर : ओरखडे पडतात, प्लास्टिकवरची मूळची दाणेदार नक्षी जाते. ती परत येत नाही.

काम कसं करावं

१. गाडी सावलीत घ्यावी. प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे.

२. गाडीचा शॅम्पू किंवा भांडी घासायचं सौम्य लिक्विड पाण्यात कालवून नायलॉनच्या मऊ ब्रशने घासावं. नक्षीत अडकलेला पॉलिशचा पांढरा थर आणि जुनं तेल निघेपर्यंत दोन-तीन वेळा धुवावं. अर्धं यश याच कामात आहे. खाली तेल राहिलं, तर वर लावलेलं काहीही धरत नाही.

३. पूर्ण सुकू द्यावं. पट्ट्यांच्या सांध्यात पाणी लपून बसतं, म्हणून दोन-तीन तास थांबलेलं बरं.

४. प्लास्टिकशेजारच्या रंगीत पत्र्यावर कागदी टेप लावावी.

५. आणलेलं औषध आधी लपलेल्या कोपऱ्यात लावून पाहावं. नंतर स्पंजवर थोडं घेऊन पातळ हात द्यावा आणि जास्तीचं पुसून घ्यावं. जाड थर दिल्यास डाग दिसतात.

बाजारातले तीन पर्याय

पहिला, चमक देणारं लिक्विड. टायर पॉलिशसारखं हे सर्वांत स्वस्त असतं. पाण्यात कालवलेलं, तेलकट नसलेलं घ्यावं. एक-दोन धुण्यांपर्यंत किंवा जोराच्या पावसापर्यंत टिकतं. लग्नाला जायचंय किंवा उद्या गाडी दाखवायचीय, एवढ्यापुरतं ठीक.

दुसरा, प्लास्टिकवर वाळून घट्ट बसणारं ट्रिम रिस्टोरर किंवा कोटिंग. लहान बाटली महाग वाटते, पण ती बऱ्याच भागाला पुरते आणि काळेपणा काही महिने टिकतो. लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ गाडी कोरडी ठेवावी लागते. गाडी अजून वापरायची असेल, तर हाच पर्याय परवडतो.

तिसरा, रंगकाम. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहज धरत नाही. आधी प्लास्टिक प्रायमर मारावाच लागतो. नुसता काळा स्प्रे मारला, तर काही दिवसांतच पापुद्रे निघतात. पेंटरला काम देताना प्रायमरचं आधीच विचारून घ्यावं.

काचेखालच्या जाळीला जपा

वायपरच्या खाली असलेली काळी प्लास्टिकची जाळीही पांढरी पडते. तिला तेल किंवा चमकदार लिक्विड लावणं धोक्याचं आहे. पावसात ते काचेवर येतं, वायपर ते पसरवतो आणि रात्री बोरघाटात समोरच्या गाडीचा उजेड पडला की काच धुरकट होते. या जाळीला वाळणारं कोटिंगच लावावं, नाहीतर तशीच राहू द्यावी. पायऱ्या, पेडल आणि स्टिअरिंगलाही असलं काही लावू नये, पाय किंवा हात सटकतो.

कधी करावं?

जून ते सप्टेंबर या भागात सलग कोरडा दिवस मिळणं कठीण. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, सकाळच्या वेळी काम करावं. उन्हाळ्यात करायचंच तर ऊन चढण्याआधी. वीटभट्टी किंवा खडीच्या रस्त्याजवळ उघड्यावर कोटिंग लावू नये, ओल्या थरात धूळ बसते. नंतर गाडी झाडाखाली किंवा शेडमध्ये ठेवली, तर केलेलं काम जास्त टिकतं.

आधी खर्च कशावर?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर यांना महत्त्व असतं, बंपरच्या काळेपणाला नाही. त्यामुळे पैसे मोजकेच असतील, तर आधी ब्रेक, टायर, वायपरचं रबर आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा बघाव्यात. बंपरच्या कामाला घरचा एक रविवार आणि एक लहान बाटली पुरते. ओल्या फडक्याच्या परीक्षेत तो पास झाला असेल, तर नवा घ्यायची घाई करू नये.