पुढची लोकल कोणती? शाळेतल्या प्रोग्रॅमिंगबद्दलचे गैरसमज

आपल्या परिसरातला प्रश्न निवडायचा आणि मुलांनी गटाने त्यावर काम करायचं, ही पद्धत ठाण्याला नवी नाही. १९९३पासून होणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुलं हेच करतात. ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने महाराष्ट्रात या परिषदेचं समन्वयाचं काम केलं आहे. प्रोग्रॅमिंगची गोष्ट निघाली की मात्र पालक आणि शिक्षक दोघांच्याही मनात काही समज घट्ट बसलेले असतात.

गैरसमज : आधी सगळी भाषा शिकायची, प्रोजेक्ट शेवटी.

हा क्रम उलटा करायला हवा. आठवी-नववीच्या वर्गाला पहिल्या आठवड्यातच विचारावं, डोंबिवलीहून ठाण्याला जाणारी पुढची लोकल कोणती? मुलं वेळापत्रकातल्या काही वेळा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितात, आत्ताची वेळ टाकतात आणि तिच्याहून मोठी पहिली वेळ शोधतात. सकाळी नऊपर्यंत सगळं ठीक चालतं. मग कोणीतरी ९:५५ टाकतं आणि उत्तर येतं, 'गाडी नाही'. यादीत १०:०५ची गाडी तर आहे!

वेळ मजकूर म्हणून लिहिली की पायथन ती एकेक अक्षर घेऊन ताडून पाहतो. १०:०५ची सुरुवात १ने होते, ९:५५ची ९ने, म्हणून दहाची वेळ त्याला लहान वाटते. दोन्ही वेळांची मिनिटं केली, ५९५ आणि ६०५, की गुंता सुटतो. मजकूर आणि संख्या यांतला फरक इथे मुलांना स्वतःहून हवा असतो आणि हेच रूपांतर प्रत्येक वेळेसाठी लागतं म्हणून फंक्शनही याच वेळी शिकवावं. पाठोपाठ मध्यरात्र येते : २३:५८ नंतर ००:०५ची गाडी कशी सापडणार? त्यासाठी मध्यरात्रीनंतरच्या वेळेत १४४० मिनिटं मिळवायची, हे वर्गातलंच कोणीतरी सुचवतं. तो तास मला फार मोलाचा वाटतो.

गैरसमज : प्रोजेक्ट दिला की शिकवावं लागत नाही.

उलट जास्त शिकवावं लागतं. शैक्षणिक मानसशास्त्राचे अभ्यासक कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६च्या लेखात बजावलं होतं की नवशिक्यांना मार्गदर्शनाशिवाय सोडणं परिणामकारक ठरत नाही. म्हणून आधी एक छोटा, पूर्ण प्रोग्रॅम फळ्यावर सोडवून दाखवावा, मग त्यात बदल करायला सांगावं.

गैरसमज : मुलं एआयकडून लिहून घेतील, मग प्रोजेक्टला अर्थ काय?

गुण फक्त तयार प्रोग्रॅमला दिले तर ही भीती खरी आहे. मुलाला समोर बसवून म्हणावं, 'रविवारी मेगाब्लॉक आहे, या तीन गाड्या रद्द. आता बदल कर.' कुठे हात घालायचा हे त्याला कळतं की नाही, ते पाच मिनिटांत दिसतं.

गैरसमज : मराठी माध्यमाला हे जड जाईल.

पायथनचे राखीव शब्द ३५च्या आसपास आहेत. बाकी नावं 'वेळ', 'गाडी', 'स्थानक' अशी देवनागरीत चालतात, आणि '१२' हे देवनागरी आकडे थेट प्रोग्रॅममध्ये चालत नसले तरी int('१२') असं लिहिलं की तो त्यांची संख्या करतो. चुका दाखवणारे संदेश इंग्रजीत येतात, ते मात्र शिक्षकांनी सुरुवातीला सोबत बसून वाचून दाखवायला हवेत.

गैरसमज : प्रत्येकाला स्वतंत्र संगणक हवा.

एका संगणकावर दोघं बसली तरी चालतं. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने ओळ न् ओळ तपासायची आणि दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. नाहीतर हुशार मूलच तासभर कीबोर्ड धरून बसतं.