हवेवर ठपका

हवामानवृत्त वाचणाऱ्या माणसाकडे, त्याने मागितले नसतानाही, एक वकीलपत्र येऊन पडते. जगात जी जी कामे वेळेवर होत नाहीत त्यांपैकी बऱ्याच कामांचा दोष हवेच्या माथी मारण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. आणि आरोपी मुका असल्यामुळे त्याच्या वतीने कैफियत मांडण्याचे काम, ज्यांनी आयुष्यभर त्याच्याच नावावर मीठभाकर खाल्ली, त्या आमच्यासारख्यांवर येते. मी पुष्कळ वर्षे रेडिओवरून मराठीत हवामानवृत्त वाचले, आणि त्या निमित्ताने व्याख्यानांसाठी महाराष्ट्रातील लहान शहरांतून व क्वचित परदेशीही हिंडलो. या हिंडण्यात एक तक्रार मनात घर करून राहिली: लहान शहराचे विमान रद्द झाले म्हणजे फलकावर 'खराब हवामान' म्हणून जे कारण झळकते, त्यात हवेचा हात पुष्कळदा अगदी थोडा आणि माणसाच्या व्यवस्थेचा फार मोठा असतो.

हे विधान बेजबाबदारपणाचे वाटू नये म्हणून आमचे काम कसे चालते ते आधी सांगितले पाहिजे. सकाळी साडेआठ वाजता देशभरच्या वेधशाळांत एकाच वेळी निरीक्षक अंगणात उतरतात. पर्जन्यमापकातील पाणी काचेच्या मापात ओतून मागील चोवीस तासांचा पाऊस वाचला जातो. शुष्क आणि आर्द्र तापमापकांतील फरकावरून हवेतील बाष्प ठरवले जाते. वायुदाब, वाऱ्याची दिशा आणि वेग टिपला जातो. आणि मग निरीक्षक मान वर करून आकाशाचे मनाशी आठ भाग कल्पितो व त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले आहेत ते लिहितो. दृश्यता मोजण्याची जुनी रीत तर याहून साधी आहे. अमुक अंतरावरची टेकडी, तमुक अंतरावरची चिमणी किंवा पाण्याची टाकी अशा ठरावीक खुणांपैकी कोणती स्पष्ट दिसते एवढेच पाहायचे. आज यंत्रे आली, उपग्रह आले, मुंबईच्या पश्चिम उपनगरात वेरावलीच्या टेकडीवर २०२२ साली नवे रडार उभे राहिले. तरीही अनुभवी निरीक्षकाच्या डोळ्याची किंमत कमी झालेली नाही.

या नोंदींवरून तयार झालेले वृत्त आमच्या हाती येई तेव्हा त्यातला शब्द इकडचा तिकडे करण्याची मुभा नसे. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या विभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. त्यापुढे 'बऱ्याच ठिकाणी', आणि पाऊण हिश्श्याच्या वर गेले की 'बहुतेक सर्व ठिकाणी'. श्रोत्याला हे सारे गोलमाल वाटे, पण त्यामागे हिशेब होता. महसूल खात्याचा हिशेब आणखी निराळा. तिथे मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्याची दप्तरे उघडतात. मुंबईच्या बाबतीत तर एका आकड्याने भागतच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. म्हणून स्थळ आणि वेळ सांगितल्यावाचून 'हवा खराब आहे' असे म्हणणे आमच्या धंद्यात अर्धवटपणाचे समजले जाते.

माझे घर ट्रॉम्ब्याला. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस सुमारे ३०० मीटर उंचीची ट्रॉम्ब्याची टेकडी, तिच्या पायथ्याशी १९५६ साली 'अप्सरा' ही अणुभट्टी जिथे सुरू झाली ते अणुसंशोधनाचे विस्तीर्ण आवार, आणि पलीकडे माहूलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुरांडी. हिवाळ्यातील सकाळी वारा पडलेला असला म्हणजे ही धुरांडी एकामागून एक धुरक्यात विरतात, आणि त्यांवरून दृश्यता किती हजार मीटर उरली याचा अंदाज गच्चीवरून बांधता येतो. शेजारच्या कोळीवाड्यातील मंडळी माझी श्रोती होती खरी. परंतु 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' ही सूचना ऐकल्यावर ती मंडळी माझ्या शब्दावर न थांबता एकदा खाडीकडे तोंड करून वारा घेत, भरतीचे पाणी पाहत आणि मगच होडीला हात लावायचा की नाही ते ठरवीत. यात मला कधी अपमान वाटला नाही. त्यांचा निर्णय प्रत्यक्ष वाऱ्यावर होई.

विमानतळावरील निर्णयही तत्त्वतः तसाच व्हायचा असतो. तिथे दर अर्ध्या तासाला निरीक्षण लिहिले जाते: वारा कोणत्या दिशेने किती नॉट, दृश्यता किती मीटर, ढगांचा तळ किती फुटांवर, तापमान, दवबिंदू आणि दाब. ज्या विमानतळावर उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय आहे, तिथे वैमानिक पुष्कळ कमी दृश्यतेतही उतरू शकतो. जिथे ती नाही, तिथे त्याला डोळ्यांनी पाहूनच उतरावे लागते आणि त्यासाठी सामान्यतः ५ किलोमीटर दृश्यता लागते. म्हणजे ३ किलोमीटर दृश्यतेची एकच सकाळ मुंबईला 'चांगली' आणि एखाद्या जिल्ह्याच्या गावी 'खराब' ठरते. फरक हवेचा नसून धावपट्टीजवळ बसवलेल्या, किंवा न बसवलेल्या, यंत्राचा आहे.

मराठवाड्यातील एका महाविद्यालयाने हिवाळ्यात मला व्याख्यानाला बोलावले होते. पहाटे ट्रॉम्ब्याहून निघून विमानतळावर पोचलो. तर तासाभराने घोषणा झाली की गंतव्य स्थानी हवा खराब असल्यामुळे विमान रद्द करण्यात आले आहे. मी यजमान प्राध्यापकांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "साहेब, इथे तर लख्ख ऊन पडलंय, पोरं मैदानावर क्रिकेट खेळताहेत." तिथल्या विमानतळाची ताजी नोंद विचारली, तर वारा शांत, ढग नाहीत, दृश्यता नियमाला पुरून उरेल एवढी. मग खिडकीवरील एका तरुण कारकुनाने, माझे पांढरे केस पाहून असेल कदाचित, आवाज खाली करून सांगितले, "काका, विमानच आलेलं नाही. काल रात्री दुसऱ्या गावी एक भाग बिघडला, बदली भाग अजून पोचायचाय." असे असता हवेचे नाव पुढे का केले, हे विचारून त्या पोराला पेचात धरण्याची मला इच्छा झाली नाही. पण उत्तर उघड होते. हवा हे कारण दैवी कोटीतले. त्यात नुकसानभरपाई मागता येत नाही आणि कुणाचे नावही घेता येत नाही.

न्यायाची गोष्ट अशी की कधी कधी हवा खरोखरच आडवी येते. परंतु तेव्हाही खोलात गेले म्हणजे माणसाची करणी सापडतेच. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, वारा नसतो, जमिनीलगतच्या हवेतील बाष्प गोठल्यासारखे दाटते आणि पहाटे धुके उतरते. ऊन वर आले की बहुधा नऊ-साडेनऊपर्यंत ते विरते. हे मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. असे असून विमानाची वेळ साडेसातची ठेवली जाते, कारण मुंबईच्या धावपट्टीवर त्या विमानाला तेवढीच वेळ मिळालेली असते. दुपारी उशिराची वेळ मिळाली तर उलटी अडचण. जिथे रात्री उतरण्याची सोय नाही तिथे सूर्यास्तापूर्वी पोचणे भाग. एकच विमान दिवसभर चार गावे करीत असल्यामुळे सकाळचा अर्धा तास संध्याकाळपर्यंत दोन तासांचा होतो. सूर्य थांबत नाही, वैमानिकाच्या कामाचे तासही संपत येतात, आणि पुन्हा ठपका आकाशावर. वेळेची जी गोष्ट तीच जागेची: कोकणात चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला. समुद्रालगतच्या उघड्या सड्यावर पावसाळ्यात ढग किती खाली येतात हे तिथल्या गुराख्यालाही विचारता आले असते.

आता मुंबईची वेळ एवढी दुर्मिळ का, याचे एक उत्तर माझ्या गच्चीवरून दिसते. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोहोंवर एकदम काम चालत नाही. त्यांतील दुय्यम धावपट्टीला आग्नेयेकडून येणारी वाट नेमकी ट्रॉम्ब्याच्या टेकडीच्या बाजूने येते; टेकडीची उंची वैमानिकाला अडचणीची आणि अणुकेंद्राचे सान्निध्य सुरक्षा यंत्रणांना. परिणामी बहुतेक सारा भार एका मुख्य धावपट्टीवर पडतो. तिथे उतरण्याचा जो एक क्षण सत्तर आसनांच्या, मंद गतीच्या, पंखेवाल्या विमानाला द्यायचा, तोच पावणेदोनशे आसनांच्या जेटला दिला तर उत्पन्न किती वाढते हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या टेकडीआड माझा सूर्य मावळतो, तीच मराठवाड्याच्या विमानाला आडवी पडली आहे, हे कळल्यापासून तिच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली. (जाता जाता: ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी आगगाडी १९२८ साली सुरू होऊन १९३४ साली उखडली गेली. ती असती तर विमानतळाच्या वाटेवर, विमानात लागतो त्याहून अधिक वेळ, टॅक्सीत काढावा लागला नसता.)

हवेच्या बचावाचा सर्वांत भक्कम साक्षीदार मात्र जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल पुढे बेल्लारीवरून मद्रासला नेले. रेडिओ नाही, उपकरणे नाममात्र, जुहूचे मैदान मातीचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून तेवढे महिने मुक्काम पुण्यास हलवीत. आणि तरीही ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ष पुरे झाले तेव्हा सरकारी अहवालाने नमूद केले की सह्याद्रीवरील पावसाळी वादळांतूनही ही सेवा शंभर टक्के वेळेवर चालली. टपाल कुरकुर करीत नाही हे खरे, आणि त्या काळी पत्करलेले धोके आज कुणी पत्करू नयेत हेही खरे. परंतु त्यांनी हवा जशी आहे तशी गृहीत धरून वेळापत्रक आखले होते.

अशी गृहीत धरण्याची परंपरा मी नॉर्वेत पाहिली. इंग्लंडात समुद्रावरील हवामानवृत्त साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेत, सागरी विभागांच्या ठरावीक क्रमाने, मंत्रासारखे वाचतात ते ऐकून व्यवसायबंधूचा अभिमान वाटला; पण मन रमले ते नॉर्वेतल्या बर्गनला. तिथे विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात शेतकरी आणि मच्छीमार यांच्यासाठी किनाऱ्यावर निरीक्षणकेंद्रांचे जाळे विणले, आणि आधुनिक अंदाजशास्त्राचा पाया त्या जाळ्यातून निघाला. त्या देशात उत्तरेकडे जावे तो डोंगर समुद्रातून सरळ उभे राहतात, वारा दरीदरीतून निराळा येतो, हिवाळ्यात सूर्य जवळजवळ दिसतच नाही. आणि अशा ठिकाणी काही हजार वस्तीच्या गावांना सुमारे ८०० मीटरच्या धावपट्ट्या आहेत, त्यांवर विडेरो कंपनीची पंखेवाली विमाने दिवसातून कित्येकदा उतरतात. बोडोहून लोफोटेनमधील स्वोल्वेरला जाताना आमचे विमान थांबले. खिडकीवरील बाईंनी न विचारता सांगितले, की तिथे धावपट्टीला आडवा वारा मर्यादेच्या वर आहे, किती आहे, आणि पुढची नोंद किती वाजता येईल. नोंद आली, वारा उतरला होता, आम्ही निघालो.

यात जादू काही नाही. सरकार निविदा काढते. दिवसाला किती फेऱ्या, किती आसने, भाडे अधिकांत अधिक किती, हे करारात लिहिलेले असते, तोटा सरकार भरून देते. चूक झाली तर कबूल करण्याचीही रीत आहे: वेरेय नावाच्या बेटावरील धावपट्टी डोंगराच्या भोवऱ्यातील वाऱ्यात बांधली गेली होती, १९९० साली तिथे अपघात झाल्यावर ती बंद करून बेटाला हेलिकॉप्टर दिले. तिथे हवा खरोखरच गुन्हेगार होती, आणि त्यांनी तिच्याशी हुज्जत न घालता साधन बदलले.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. लहान गावांसाठी १९८१ साली 'वायुदूत' ही विमानकंपनी निघाली आणि १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली. मग 'उडान' ही सरकारी योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्या पहिल्या विमानांत नांदेड-हैदराबाद हे एक होते, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांचे भाडे अडीच हजारांवर बांधलेले. पण तोटा भरून देण्याची मुदत तीन वर्षांची. मुदत सरली की बऱ्याच मार्गांचे पाय डळमळतात. खाडीपलीकडे नव्या मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. धावपट्टीचा दुष्काळ त्याने हटेल. पण हटलेल्या दुष्काळातले पाणी मोठ्या पिकांनाच द्यायचे की नाही, हे कुणीतरी लेखी ठरवावे लागेल.

त्या रद्द विमानाच्या कंपनीला मी अर्ज लिहिला. पैसे परत मिळाले होते, सबब त्यांबद्दल काही मागणे नव्हते. विनंती एवढीच, की फलकावर हवेचे कारण लिहाल तेव्हा त्या शेजारी त्या वेळची विमानतळावरील नोंद, वारा, दृश्यता आणि ढगांचा तळ, हीही लिहावी. दोन महिन्यांनी छापील उत्तर आले: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, हवामान आमच्या नियंत्रणाबाहेर असल्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी त्या पत्राची पोच दिली, आणि सोबत त्या सकाळच्या नोंदीची नक्कल जोडली. व्याख्यानाला मग देवगिरी एक्सप्रेसने गेलो.